गृहस्थाचा उपोसथ



आजच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. आम्ही पाली जाणत नाही, आणि ध्यानाच्या वाटेवर चार पावले गेलो असू तर तीन परत आलो आहोत. तरीही चालकांच्या आग्रहापुढे मान तुकविली. कारण, सुट्टीला जोडून कोठे तरी डोळे मिटून बसायला जाण्याची जी प्रथा आपल्या शहरांत रूढ होत आहे, तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी भलतेसलते बोलले जाते. एक पक्ष म्हणतो, हे रिकामटेकड्यांचे खूळ. दुसरा म्हणतो, तीन दिवस बसा आणि शांती घेऊन या. जणू शांती म्हणजे मंडईतली भाजी!

नव्या मुंबईत, बेलापूरच्या पारसिक टेकडीवर, 'धम्म विपुल' हे विपश्यना केंद्र आहे. तेथे आम्ही तीन दिवसांच्या शिबिरास गेलो होतो. पूर्वी दहा दिवसांचे शिबिर पुरे केलेल्यांनाच अशा छोट्या शिबिरात घेतात, आणि ही अट आम्हांस योग्य वाटते. पोहता न येणाऱ्याला कोणी रविवारपुरते विहिरीत सोडत नाही. गुरुवारी संध्याकाळी आत गेलो. फोन जमा केला आणि आर्य मौन सुरू झाले. बोलणे नाही, खुणा नाहीत, वाचन नाही, लेखन नाही. पहाटे चारला घंटा, आणि रात्री नऊपर्यंत बैठकींवर बैठका. जुन्या साधकांना अष्टशील, म्हणजे मध्यान्हीनंतर अन्न वर्ज्य. संध्याकाळी लिंबाचे पाणी. शुल्क नाही, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांची चूल पेटते. शिकविणारा आवाज सत्यनारायण गोयंकांचा. ते २०१३ साली निवर्तले, पण ध्वनिमुद्रणातून तेच अद्याप शिकवितात.

गोयंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीवर उपाय शोधता शोधता ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. हे ऊ बा खिन कोण? कोणी अरण्यवासी भिक्षू नव्हेत, तर स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल! आपल्या कचेरीतल्या माणसांना त्यांनी ध्यान शिकविले. १९६९ च्या जुलैत गोयंकांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले, तेही गृहस्थ म्हणूनच. म्हणजे हिशेबनिसाने व्यापाऱ्याला दिलेली ही विद्या आहे.

आणि सुट्टीचे ध्यान हे नवे खूळ म्हणावे, तर विनयपिटकातली हकीकत ऐका. इतर पंथांचे लोक पक्षातल्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पौर्णिमा-अमावास्येला एकत्र जमतात, हे पाहून राजा बिंबिसाराने बुद्धांस सुचविले की, आपल्या संघानेही तसे जमावे. तोच उपोसथ. त्या दिवशी गृहस्थही अष्टशील घेत, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडत. तिकडे कान्हेरीला जाऊन पाहा. सोपारा, कल्याण येथल्या व्यापाऱ्यांची दाने तेथल्या दगडावर कोरलेली आहेत. खोल्यांतले दगडी ओटे पाहिले की, आमच्या केंद्रातली गादी चैनीची वाटू लागते!

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. आधी नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहायच्या, आणि त्यांतल्या कशालाही हवे-नको म्हणायचे नाही. ऐकायला सोपे. दिवसातून तीनदा तासभर अधिष्ठान असते, त्यात हात, पाय, डोळे काही हलवायचे नाही. गुडघा ओरडतो, पण गुडघ्याचे फारसे काही नाही. आमचे दुखणे निराळे होते. धाकट्या बंधूंशी गावच्या घरावरून तीन वर्षे अबोला होता, आणि त्यांना लिहायचे एक पत्र आम्ही डोक्यात घेऊनच टेकडी चढलो होतो. 'आईच्या आजारपणात तू किती वेळा आलास?' हे त्यातले हुकमी वाक्य. शनिवारी दुपारच्या बैठकीत ते घासूनपुसून चकचकीत झाले, आणि तेवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली. आजवर आम्ही समजत होतो की, ते वाक्य आठवते म्हणून राग येतो. पाहिले तो उलटे. आधी छातीत धग उठे, जबडा आवळला जाई, आणि मग ती धग आपल्याला शोभेलसे वाक्य शोधीत फिरे. बंधूंचे मिळाले नाही, तर शेजारच्या खोकणाऱ्या साधकावरही तिचे भागे! ओशाळलो. धग काही विझली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या बैठकीत ती होतीच.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म स्वीकारला, तो टेकडीवरच्या निवांतपणासाठी नव्हे, माणुसकीच्या हक्कासाठी. संवेदना पाहत बसायचे म्हणजे अन्यायही पाहत बसायचा काय? समतेचा अर्थ कोणी तसा लावील, तर त्याने टेकडी चढू नये हेच बरे. हक्क मागताना हात थरथरू नये, एवढ्यासाठी मात्र चढावी.

रविवारी आम्ही खाली उतरलो. बेलापूर स्थानकात गर्दी होती. एकाने पायावर पाय दिला आणि आम्ही नेहमीप्रमाणे खेकसलो. घरी येऊन पत्र लिहिले. घरातला आमचा वाटा सोडला नाही, तसे लिहिलेही स्पष्ट. ते आईविषयीचे वाक्य तेवढे घातले नाही. पत्र पोचल्याची पोच आली आहे. उत्तर अजून यायचे आहे.