फुलांस हवा असलेला अंधार

झाड उजेडावर वाढतें हें सर्वश्रुत आहे. परंतु भांग, शेवंती यांसारख्या झाडांस फुलावयाला दीर्घ, अखंड रात्र लागते. पॅरिसमध्यें ज्युलियें तूर्नवा या संशोधकानें भांगेच्या रोपांस दिवसाचा उजेड थोडाच मिळूं दिला. तीं अकालींच फुललीं. दिवसाच्या लहानपणापेक्षां रात्रीची दीर्घताच महत्त्वाची, असें अनुमान त्यानें १९१४ सालीं मांडलें. पण लवकरच महायुद्धानें त्याचा बळी घेतला. १९२० मध्यें गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तंबाखूवरून दिनमानाचा नियम सिद्ध केला. १९३८ मध्यें हॅमनर व बॉनर यांनीं दीर्घ रात्रीच्या मध्यावर थोडाच वेळ दिवा लावला, तों फुलणेंच थांबलें. तेव्हां गच्चींतील शेवंती हिवाळ्यांतहि फुलत नसेल, तर खत वाढविण्यापूर्वीं तिच्यावर रात्रभर पडणारा दिव्याचा उजेड दूर करून पाहावा.