पायांचे घट्टे आणि कुरुपे



मंडळाने बोलायला सांगितले तेव्हा मी विषय घेतला पायांचा. कोणी हसतीलही. पण घट्टे-कुरुपे नाहीत अशा आपल्यात किती जणी निघतील?

घट्टा म्हणजे कातडीने आपला केलेला बंदोबस्तच. एकाच जागी रोज दाब पडला, घासले गेले, की तिथली कातडी जाड होते. टाचेवर, चवड्यावर पसरट घट्टा येतो. तो फारसा दुखत नाही. कुरूप मात्र लहान, गोल, मध्ये टणक. पाऊल टेकताच जीव कळवळतो. त्याचे 'मूळ' काढून देतो म्हणणारे रस्त्यावर बसतात. मूळबीळ काही नसते, जाड कातडीच आत दाबली गेलेली असते. दाब राहिला की कुरूप पुन्हा हजर! दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखले आणि काळे ठिपके दिसले, तर ती बहुधा चामखीळ. तिचा इलाज वेगळा.

कोमट पाण्यात १० मिनिटे पाय ठेवावेत, हलक्या हाताने वजरी फिरवावी, पाय कोरडे करून खोबरेल लावावे. बोटांच्या बेचक्यात तेल नको. एका दिवसात सगळे खरवडायची घाई नको.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मधुमेह. २०१९ साली त्यांनी घरीच ब्लेडने कुरूप कापले. "बघ, मुळीच दुखले नाही," असे मला कौतुकाने सांगितले. दुखले नाही, कारण मधुमेहाने पायाची संवेदनाच गेली होती. जखम चिघळली आणि करंगळी काढावी लागली. पुढे डॉक्टरांनी समजावले, की अशा पायात घट्ट्याखालीसुद्धा जखम लपलेली असू शकते. म्हणून मधुमेह असेल तर ब्लेड नको आणि दुकानातली कुरुपाची पट्टीही नको. तिच्यातले सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही जाळते. सरळ डॉक्टरांना दाखवावे. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरशात पाहावे, नाहीतर सुनेला सांगावे. त्यात लाज कसली?

आणि चप्पल! मुलांना मापाची घेतो, आपण सेलमधली जुळवून घेतो. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा कागदावर उभे राहून पेन्सिलीने माप काढा आणि त्यावर चप्पल ठेवून बघा. रेघ बाहेर दिसली तर ती चप्पल घेऊ नका. दोन्ही पायांचे माप काढा, कारण ते अगदी सारखे क्वचितच असतात.