आगोट साऱ्या घराची

(उरण येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा सारांश)



ऐन उन्हाळ्यात आपण एवढ्या संख्येने वेळ काढून आलात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन केले पाहिजे. कारण उरण तालुक्यात या दिवसांत मोकळा असा कोणी नसतो. आज एका घरची हळद, उद्या दुसऱ्या घरचे लग्न. मुलांना सुट्टी लागलेली, चाकरमान्यांची पहाटेची धावपळ तशीच चालू, आणि या साऱ्यांच्या मागे मुकाट्याने उभी असलेली आगोट.

समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी काहींनी हा शब्द केवळ आजीच्या तोंडून ऐकला असेल. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे आगोट. मृग लागण्याआधी घरात काय काय भरले जात असे, ते आठवून पाहावे. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या देठे काढून उन्हात पडत. धणे, हळकुंडे, दगडफूल निवडून, भाजून डंकावर जात आणि वर्षाचा मसाला बरणीत बसे. करंजा आणि मोरा येथून सुके बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे येत. कडवे वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, चिंच, पापड, लाकूडफाटा आणि मीठ. मीठ तर अनेकांच्या घरचेच! उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवीत उन्हाने घट्ट होऊ द्यायचे आणि खडा धरला की ओढून रास करायची. पहिला पाऊस आला की सारे पाण्यात जाणार, त्यामुळे या कामाला तारीख होती आणि ती आभाळाने ठरविलेली होती. समुद्राचेही तसेच. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस शासन यांत्रिक मासेमारीला बंदी घालते. पूर्वी खवळलेला दर्याच ती घालीत असे.

पुढे काय झाले, हे उरणकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी भातशेती, मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात याच तालुक्यात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदराने हातांना काम दिले, घरे पक्की झाली, मुले शिकली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेलाही हिरवा झेंडा दाखविला गेला. मुंबई खरोखर जवळ आली. मात्र वाळवणाचे अंगण गेले. ज्यांचे उरले, त्यांच्या वाळवणावर ट्रेलरची धूळ बसते.

जुन्या काळी ही कामे हसतखेळत होत, असे जे सांगतात ते बहुधा पुरुषच असतात! मिरची भाजताना उठणारा ठसका ज्या माउलीने सोसला, पापड लाटून जिची कंबर मोडली, तिला विचारा. तेव्हा आगोटीचे खोटे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. पण एक गोष्ट खरी होती. चार जावा, दोन नणंदा, शेजारच्या दोघी-तिघी मिळून ते ओझे वाटून घेत. आज तुझ्या घरचे पापड, उद्या माझ्या घरचे. मुले वाळवणाची राखण करीत, कावळे हाकीत आणि ओल्या पापडाच्या लाट्या पळवीत. पुरुष फाटी फोडीत, कौले चाळीत. घरातल्या प्रत्येकाला त्या उन्हाळ्यात काही ना काही नेमून दिलेले होते.

आज घर लहान झाले, काम मात्र तेवढे लहान झाले नाही. यजमान कंटेनर यार्डात पाळीला, मुलगा शिबिरात, मुलगी शिकवणीला, उरलेल्या वेळेत सर्वांच्या हाती मोबाइल. गृहिणी स्वतः नोकरी करणारी असली, तरी रविवारी मिरच्यांची देठे काढीत एकटीच बसलेली. चार माणसांच्या घरात एकटीच! मसाला विकत आणला म्हणून धर्म बुडत नाही. जिला शक्य नाही तिने खुशाल आणावा, जमल्यास महिला बचत गटाकडून घ्यावा, म्हणजे चार पैसे शेजारच्या भगिनीच्या घरी जातील. प्रश्न पाकिटाचा नाही. मसाला कोणत्या मापाने, किती भाजायचा हे आजीला ठाऊक आहे, ते कोठे लिहिलेले नाही आणि नातवंड तिच्याजवळ बसत नाही. ती गेली की ते माप गेले.

म्हणून या मे महिन्यात काही गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. बंधूंनी एक रविवार आगोटीला द्यावा. मिरच्या उचलून डंकावर नेणे आणि रांगेत उभे राहणे हे काम त्यांचे. लग्नाच्या मांडवात रात्रभर जागता येते, तर डंकावर दोन तास थांबणे अवघड जाऊ नये. मुलांनी आजीजवळ बसून तिची मापे वहीत उतरवून घ्यावीत, सुट्टीचा अभ्यास म्हणूनच. निवडणे-टिपणे मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून द्यावे.

आणि द्रोणागिरी परिसरातील सोसायट्यांचे जे पदाधिकारी येथे बसले आहेत, त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. बहुतेक इमारतींच्या गच्चीला कुलूप असते. पाणी गळेल, मुले दंगा करतील, ही कारणे मला ठाऊक आहेत. तरीही मे महिन्याचे पंधरा दिवस, सकाळी आठ ते सायंकाळी पाच, गच्ची वाळवणासाठी उघडी ठेवा. किल्ली मजल्यामजल्याने एकेका कुटुंबाकडे द्या, राखणीला त्या घरातील आजोबा आणि मुले बसतील. एका मजल्यावरील चार घरांनी मिरची एकत्र घेतली, तर बाजारात भावही बरा मिळतो. फक्त हे ठरविणे या आठवड्यातच व्हावे. मे अखेरीस डंकावरील रांग रस्त्यापर्यंत येते आणि आभाळही भरू लागते.