ब्राह्मी : एक नांव, दोन वनस्पति

मध्य रेल्वेच्या मार्गानें ठाण्याहून कल्याणकडे जातांना पारसिकचा डोंगर मागें पडला कीं दिवा हें जंक्शन लागतें. येथून १९६४ सालीं पनवेलकडे फांटा निघाला आणि पुढें कोकणांत जाणाऱ्या रेल्वेचें हें एक प्रवेशद्वार झालें. हल्लीं या स्टेशनाचें नांव घेतलें म्हणजे माणसांनीं ओसंडणाऱ्या गाड्या आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती डोळ्यांपुढें येतात. परंतु या वस्तीखालची जमीन मुळांत भाताची आणि खाजणाची. एका बाजूस उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या बाजूस मुंब्र्याचा डोंगर आणि मध्यें दिवा, साबे, दातिवली, आगासन अशीं आगरी-कोळी लोकांचीं गांवें. बांध घालून खारें पाणी थोपवावयाचें आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर भात पिकवावयाचा, हा येथील शेतीचा जुना क्रम. वर्षांतील बराच काळ ओल धरून राहणारी अशी जमीन एका लहानशा, भुईसरशी पसरणाऱ्या वनस्पतीला फार मानवते. तिला ब्राह्मी म्हणतात. बुद्धि आणि स्मृति यांना हितकर म्हणून तिची कीर्ति पुरातन आहे.

परीक्षा जवळ आली कीं पुष्कळ घरांत आईला ब्राह्मीची आठवण होते. घरांतील वृद्ध माणूस नांवें विसरूं लागलें, ठेवलेली वस्तु त्यास सांपडेनाशी झाली, म्हणजेही हेंच नांव निघतें. तथापि ब्राह्मी आणावयास गेलेल्या मनुष्याच्या हातीं नेमकें काय पडतें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कारण या एका नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या वनस्पति आपल्याकडे वावरत आहेत, आणि पुष्कळांस त्यांतील एकच ठाऊक असते.

पहिलीचें पान वाटोळें, मूत्रपिंडाच्या आकाराचें, कडेस बारीक दांते असलेलें. तें एका लांब देंठावर उभें राहतें, आणि जमिनीवरून सरपटणाऱ्या दोऱ्यासारख्या खोडाला पेरापेरांशीं मुळें फुटतात. विहिरीजवळ, न्हाणीच्या पाण्यावर, माडाच्या आळ्यांत ती आपण होऊन पसरते. कोथिंबीर, ओवा आणि गाजर यांच्या कुळांतील ही वनस्पति. संस्कृतांत हिला मंडूकपर्णी म्हणतात, कोकणांत कारिवणा हें नांव आहे. पण महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं लोक हिलाच ब्राह्मी म्हणून ओळखतात. शास्त्रीय नांव सेंटेला एशियाटिका.

दुसरीचीं पानें अगदीं लहान, जाड आणि रसाळ. त्यांस देंठ जवळजवळ नसतोच. चमच्याच्या आकाराचीं हीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, आणि त्यांच्या बेचक्यांतून पांढरट किंवा फिकट जांभळें, पांच पाकळ्यांचें भासणारें एकेक फूल डोकावतें. चव कडू. हिला पाण्याची संगत पहिलीपेक्षांही अधिक लागते. भातखाचरांच्या कडेला, तळ्यांच्या कांठीं, किंचित् खारट ओलीवर देखील ती टिकून राहते. आधुनिक वर्गीकरणांत ही इसबगोलाच्या कुळांत पडते. मराठींत हिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. शास्त्रीय नांव बाकोपा मोनिएरी.

हा घोंटाळा आजचा नव्हे. पण तो आरंभापासूनचाही नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत रसायनप्रकरणीं बुद्धिवर्धक अशीं चार औषधें एकत्र सांगितलीं आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, अशी ती यादी. त्यांत ब्राह्मी हें नांव नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ब्राह्मीचें तूप चरकांत येतें तें पुढें, अपस्माराच्या चिकित्सेंत. सुश्रुतसंहितेंत तर मेधा व आयुष्य यांची इच्छा करणाऱ्यासाठीं एक स्वतंत्र अध्यायच आहे. त्यांत मंडूकपर्णीचा प्रयोग निराळा आणि ब्राह्मीचा निराळा दिलेला आहे. म्हणजे प्राचीन वैद्यांच्या दृष्टीनें या दोन वस्तु होत्या. पुढें सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत दोघींचीं नांवें शेजारीं शेजारीं येऊन त्यांचे गुणही एकत्र सांगितले गेले. प्रांतोप्रांतीं मग जी वनस्पति दारांत सहज मिळे तिलाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात पडला असल्यास नवल नाहीं.

इतर भाषांकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बंगालांत ब्राह्मीची भाजी म्हणून जी खातात ती लहान पानांची जलब्राह्मी; वाटोळ्या पानाच्या वनस्पतीला तेथें थानकुनी हें वेगळें नांव आहे. केरळांतही ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मीच. तमिळ लोक मंडूकपर्णीला वल्लारै म्हणतात. कानडी लोक ओंदेलग, म्हणजे एकपानी, म्हणतात आणि ताकांत वाटून तिची तंबुळी करतात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानें आतां ब्राह्मी म्हणजे बाकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असा निवाडा दिलेला आहे. कोशाचा निवाडा झाला, तरी घरांतील बोली मात्र आपल्या वाटेनेंच चालते.

नांवाचा एवढा खल कशासाठीं, असें कोणी विचारील. दोन्ही वनस्पति गुणकारीच आहेत ना? आहेत, परंतु एकीसंबंधीं मिळालेला पुरावा दुसरीच्या नांवावर जमा करतां येत नाहीं. मंडूकपर्णींतील एशियाटिकोसाइड नांवाच्या द्रव्याची ख्याति मुख्यतः जखमा भरून आणण्यासंबंधीं आहे. जलब्राह्मींतील महत्त्वाचीं द्रव्यें निराळीं. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेंत चॅटर्जी, रस्तोगी आणि धर या रसायनशास्त्रज्ञांनीं १९६३ सालापासून त्यांचा शोध प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साबणासारखा फेंस देणाऱ्या वर्गांतील या द्रव्यांना बाकोसाइड म्हणतात. स्मरणशक्तीवर माणसांमध्यें झालेल्या ज्या प्रयोगांचा नेहमीं उल्लेख होतो, ते बहुतांशीं या दुसऱ्या वनस्पतीच्या अर्कावर झालेले आहेत.

त्या प्रयोगांनीं काय दाखविलें? २००१ सालीं ऑस्ट्रेलियांत ४६ निरोगी माणसांवर एक परीक्षा झाली. कांहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, कांहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणास काय मिळालें हें घेणाऱ्यास माहीत नव्हतें. पांच आठवड्यांनीं विशेष फरक दिसला नाहीं. बारा आठवड्यांनीं नवी माहिती ग्रहण करण्याच्या वेगांत व स्मरणांत सुधारणा आढळली. दुसऱ्या वर्षीं त्याच देशांत ४० ते ६५ वयाच्या ७६ माणसांवर झालेल्या परीक्षेचा निष्कर्ष अधिक मार्मिक आहे. शिकण्याचा वेग वाढला नाहीं. पण शिकलेलें विसरण्याचें प्रमाण घटलें. २०१४ सालीं नऊ प्रयोगांतील ५१८ माणसांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हां अवधानाच्या गतींत लाभ दिसून आला. त्याबरोबरच अधिक मोठ्या प्रयोगांची आवश्यकता आहे, असेंही त्या अभ्यासकांनीं नमूद केलें.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, ब्राह्मीची कीर्ति निराधार नाहीं. दुसरी ही कीं, तिचा गुण संथ आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत मुलाच्या हातीं पेला देऊन त्याला न वाचलेला धडा आठवूं लागेल, ही अपेक्षा शास्त्राला धरून नाहीं. शिवाय हे प्रयोग पोटांत घेतलेल्या अर्काचे आहेत. माका, आवळा आणि ब्राह्मी खोबरेल तेलांत कढवून केलेलें तेल डोक्याला थंडावा देतें, चोळणाऱ्या हातानें झोंपही येते, आणि तें सुख थोडें नव्हे. परंतु त्या तेलाला स्मृतीचा पुरावा लागू पडत नाहीं. पोटांत घेतलेली ब्राह्मी कांहींना मळमळ, पोटांत कळ किंवा वारंवार शौच असा त्रासही देते. फेंफऱ्याचा रोगी, गर्भवती स्त्री किंवा रोजचीं औषधें चालूं असलेला वृद्ध यांनीं वैद्याच्या अथवा डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तिच्या वाटेस जाऊं नये. आणि चालूं औषध बंद करून तर मुळींच जाऊं नये. वृद्धाचें विसरणें वाढत चाललें असेल, तर त्याचें कारण शोधून घेणें हें पहिलें काम होय.

आतां पुन्हां दिव्याच्या भुईकडे वळलें पाहिजे, कारण प्रश्न केवळ नांवाचा नाहीं, पाण्याचाही आहे. जलब्राह्मीचा एक स्वभाव लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेंतील प्रयोगांत दिसून आला. पाण्यांत कॅडमियम, क्रोमियम, शिसें, पारा असे जड धातु असतील, तर ही वनस्पति ते आपल्या अंगांत सांठवून घेते. घाण पाणी स्वच्छ करण्याच्या कामीं हा गुण उपयोगी आहे. औषध म्हणून तीच जुडी घरीं नेणाऱ्याला मात्र तो घातक. दिव्याच्या परिसरांत ठाणें शहराचा कचरा कित्येक वर्षें टाकला जात होता. ती कचराभूमि २०२३ सालीं बंद करण्यांत आली. परंतु कचऱ्यांतून झिरपलेलें पाणी भूमि एकाएकीं विसरत नाहीं. जेथें भाताचें खाचर होतें तेथें आज गटार वाहत असेल, आणि त्याच्या कांठीं तीच हिरवीगार ब्राह्मी पूर्वींच्याच टवटवीनें पसरलेली असेल. तिच्या टवटवीवरून पाण्याची परीक्षा होत नाहीं. आजीला ज्या बांधावरची ब्राह्मी निर्धास्तपणें खुडतां येत होती, त्या बांधावरून नातीनें ती खुडूं नये, अशी ही वेळ आहे.

उपाय कठीण नाहीं. दोन्ही वनस्पति चाळींतल्या गॅलरींतही वाढतात. जाणत्या माणसाकडून किंवा भरंवशाच्या रोपवाटिकेंतून ओळख पटवून एक काडी आणावी, पेर मातींत राहील अशी पसरट कुंडींत लावावी, आणि माती सदैव ओली ठेवावी. जलब्राह्मीला ऊन चालतें, मंडूकपर्णीला थोडी सांवली बरी. कुंडीवर नांव लिहितांना तें नेमकें लिहावें. शेतकऱ्यांसाठीं लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें जलब्राह्मीच्या प्रज्ञाशक्ति आणि सुबोधक अशा निवडक जाती तयार केल्या आहेत. स्वच्छ पाण्यावर ती पिकविली गेली, तर रानांतील ओरबाडणें कमी होईल आणि घेणाऱ्यालाही आपण काय घेतों हें कळेल.

स्मरणाचें औषध म्हणून जिचा लौकिक, तिची ओळख मात्र लोकांच्या स्मरणांतून निसटत चालली आहे. ती टिकवावयाची, तर घरांतील वडीलधाऱ्या बाईनें कुंडीजवळ बसून मुलांना हीं दोन्ही पानें हातांत द्यावीं, एकाचा दांतेरी कांठ आणि दुसऱ्याचा मांसल चमचा त्यांना बोटांनीं पाहूं द्यावा, आणि दोहोंचीं नांवें निरनिराळीं सांगावीं.