पडद्यावरचा ताल

२००७ साली आलेल्या ‘रॉक बँड’ या व्हिडिओ गेममध्ये ड्रम वाजवण्यासाठी चार पॅड आणि पायाखाली एक पेडल असतं. पडद्यावर रंगीत खुणा सरकत येतात. खूण रेषेला टेकली की त्या रंगाच्या पॅडवर काठी पडायला हवी, आडवी केशरी पट्टी आली की पाय. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, ही नवशिक्याची खरी अडचण इथे छान सुटू लागते.

पण गुण मिळतात ते वेळ साधण्याचे. काठी आवळून धरली, मनगट ताठ ठेवलं, तरी गेम टोकत नाही. म्हणून सराव विभागात गाण्याचा वेग कमी करा, काठी सैल धरून तिला उसळू द्या. मग टीव्ही बंद करून तेच गाणं नुसतं ऐकत वाजवा.