दुखण्याचाही हिशेब लिहा

नाचाचे पोशाख घालून मघापासून सतरंजीवर ताटकळलेल्या मुलामुलींनो,

मुलांना करिअरबद्दल मार्गदर्शन करा, असं मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं होतं. ते करणारच आहे. पण शाळेच्या फाटकातून आत आले आणि जिन्याखालची ती खोली दिसली. आमच्या वेळी तिथे संचयिका होती, म्हणजे मुलांची बचत बँक. मधल्या सुट्टीत तिची खिडकी उघडायची आणि आम्ही नववीतल्या मुली कारकून व्हायचो. चार आणे असोत की रुपया, आधी पासबुकात, मग वहीत, आणि बेरीज जुळल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. गणिताच्या बाई शेजारी उभ्या असायच्या. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, सहलीची वर्गणी आठवते? ज्याला झेपेल त्यानं जास्त भरायची, ज्याला जमत नाही त्यानं नाही भरायची. कोणी किती भरले ते तुमच्या वहीबाहेर कधी गेलं नाही, आणि सहलीला मात्र अख्खा वर्ग गेला.

मुलांनो, मी आरोग्य अर्थतज्ज्ञ आहे. माझं काम त्या वर्गणीसारखंच आहे, फक्त ते देशाच्या पातळीवर चालतं. आजारपणाचा खर्च प्रत्येकानं दुखणं आल्यावर खिशातून करायचा, की सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे आधीच भरून ठेवायचा आणि ज्याला गरज पडेल त्यानं घ्यायचा? गरीब देशांच्या सरकारांना हे ठरवायला आम्ही मदत करतो. घानामध्ये पूर्वी 'कॅश अँड कॅरी' होतं. आधी रोख, मग औषध. 2003 साली त्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला. त्याचा मोठा पैसा वस्तू आणि सेवांवरच्या अडीच टक्के करातून येतो, काही नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतून. अठरा वर्षांखालची मुलं, सत्तरी ओलांडलेले आणि गरोदर बायका यांना हप्ता माफ आहे. योजना चांगली आहे, पण दवाखान्यांची बिलं थकली की हातात कार्ड असूनही माणसाकडे रोख पैसे मागितले जातात. थायलंडनं 2002 साली हप्ताच ठेवला नाही. सगळा भार सरकारी तिजोरीनं उचलला आणि रोग्यानं भेटीमागे फक्त 30 बाट द्यायचे ठरलं.

एवढं पुरे. मला तुम्हाला सांगायचं आहे ते एकच: हिशेब लिहा.

घानातल्या अक्रामध्ये माकोला नावाचा मोठा बाजार आहे. तिथे टोमॅटो विकणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, मुलाच्या तापाला किती खर्च आला? त्यांनी औषधाचे पैसे सांगितले. टॅक्सीचे नाहीत. टोपली बंद राहिली त्या दिवसांचे नाहीत. बहिणीकडून उसने आणले तेही नाहीत. पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा एकेक आकडा निघाला, आणि शेवटी औषध हा त्यातला सर्वात लहान आकडा ठरला. आपल्याकडे वेगळं आहे का? आजोबांचं ऑपरेशन झालं तेव्हा पैसे कुठून आले, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? पाटली मोडली? शेळी विकली? पतपेढीचं कर्ज काढलं? आईला विचारा. ती सांगेल. मग ते लिहून ठेवा.

आमच्या शास्त्रात एक मोजमाप आहे: घरखर्चाच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे आजारपणावर गेले, तर तो बोजा जड धरायचा. पण ज्या बाईनं गुडघेदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढली, दवाखान्याची पायरीच चढली नाही, तिचा खर्च शून्य. कागदावर ती सुखी! भारतात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आल्याचं सरकारी लेखे सांगतात. मला याचा मनापासून आनंद आहे. तरीही मी दर वेळी विचारते, की दवाखान्यात न गेलेली माणसं यात कुठे आहेत? म्हणून तुमच्या वहीत एक रकाना जास्त आखा: कोणतं दुखणं अंगावर काढलं, आणि का.

त्या कोपऱ्यात आपल्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, बसल्या आहेत. ताई, कोणत्या घरात कोण तपासणीला जात नाही, हे तुमच्याइतकं कुठल्याच मंत्रालयाला ठाऊक नसतं. मुलांनो, त्यांच्याजवळ बसा, विचारा. पैशांबद्दल विचारायला लाजू नका, आणि सांगणाऱ्यालाही लाजवू नका. डॉक्टर व्हा, वायरमन व्हा, द्राक्षं लावा, काहीही करा, पण हिशेब लिहा.

अध्यक्षसाहेब, आपल्याकडे एक मागणी आहे. जिन्याखालची ती खोली आता मोडक्या बाकांनी भरली आहे. ती मोकळी करा आणि जूनपासून संचयिका पुन्हा सुरू करा. पहिल्या वर्षाच्या वह्या आणि पासबुकं मी देते. बाई, खिडकीशी पहिले काही दिवस तुम्ही उभ्या राहाल ना?