सहीआधीचा एक शब्द

आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय: सेव्हरली. शाळेत ‘सेव्हरल’ म्हणजे ‘पुष्कळ’ असं शिकलो होतो, म्हणून सेव्हरली म्हणजे ‘पुष्कळदा’ असेल असं आम्ही धरून चाललो. एकीनं तर ‘सिव्हिअरली’ वाचलं आणि म्हणाली, बँक कडक वागणार असेल! अर्थ निघाला वेगळाच. एकेकट्यानं, ज्याचं त्यानं.

बोलताना हा शब्द आता फारसं कुणी वापरत नाही. भेटतो तो कर्जाच्या कागदावर, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असा जोडीनं. मराठी कागदावर ‘संयुक्तपणे व पृथकपणे’. पृथक हा तरी कुठं आपल्या ओट्यावरचा शब्द!

आमच्या बचत गटात आम्ही दहाजणी. कर्जाचे ६०,००० रुपये बाकी असताना दोघी गाव सोडून गेल्या आणि हप्ते थकले. बँकेचं पत्र आलं ते एकीच्याच घरी, पूर्ण ६०,००० मागणारं. ती रडतच आली. “माझे सहा हजार होतात, बाकीचे माझ्या डोक्यावर का?”

नुसतं ‘सेव्हरली’ असतं, तर तिचं बरोबर होतं: ज्याचा हिस्सा त्याच्यापुरता. ‘जॉइंटली’ शेजारी आलं की बँकेला सगळ्यांकडे मागता येतं, आणि एकटीकडून सगळं मागता येतं. “मी फक्त सही केली” हे मग चालत नाही. शेजारणीला जामीन राहतानाही हाच शब्द बघा.

पण तिची बाजूही कायद्यात आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ४३. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जिनं सगळं भरलं तिला बाकीच्यांकडून सारखा हिस्सा मागता येतो. एखादीकडून वसूल झालाच नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा सोसायचा. गेलेल्या दोघींचे १२,००० म्हणून आम्हा आठजणींत वाटले गेले, प्रत्येकी १,५००. आपले ६,००० धरून ७,५००. कुरकुर झाली, खोटं कशाला सांगा. तिनं मंगळसूत्र गहाण ठेवून एकरकमी भरणा केला होता. पावती तिच्या नावाची घेतली, म्हणून हिशेब दाखवता आला.

सहाजणींनी पैसे दिलेत. सातवीचे ज्वारी विकली की येतील.